कासवाचे डोळे सुजले असतील तर

आपले लाल कानपट्ट्यांचे कासव डोळे मिटून बसते आणि चार दिवसांपासून काही खात नाही, असे आपण सांगितलेत. ते हट्टाने उपाशी राहिलेले नाही. ही कासवे अन्न प्रामुख्याने पाहून पकडतात, त्यामुळे पापण्या सुजल्या की खाणे आपोआप थांबते.

केवळ वाळवलेल्या कोळंबीवर वाढवलेल्या पिल्लांमध्ये ही सूज बहुतेक वेळा जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेमुळे येते आणि घाण पाण्यामुळे जंतुसंसर्ग होऊन ती बळावते. म्हणून आजच पाणी बदला, नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरा, पाण्याचे तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअस राखा आणि अंग पूर्ण कोरडे करून ऊब घेता येईल अशी जागा द्या. यूव्हीबी दिवा (अतिनील किरणे देणारा दिवा) काचेआडून लावू नका, कारण साधी काच ते किरण अडवते.

माणसांचे डोळ्यांचे थेंब, विशेषतः स्टेरॉइड असलेले, कृपया घालू नका. जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यानेच द्यावे; मात्रा जास्त झाल्यास कासवाची कातडी सोलून निघते, आणि तो त्रास मूळ आजाराहून भयंकर असतो. नाकातून बुडबुडे येत असतील, किंवा पोहताना अंग एका बाजूला कलत असेल, तर फुप्फुसाचा संसर्ग संभवतो. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

डोळे उघडल्यावर चांगल्या प्रतीच्या पेलेट्ससोबत (कासवांसाठीच्या तयार खाद्यगोळ्यांसोबत) किसलेले गाजर आणि लाल भोपळा द्यायला सुरुवात करा.