गुडघ्यातलं 'स्टेम सेल' इंजेक्शन : आधी एक्स-रे बघा

प्रश्न : आईचं वय ६८. दोन्ही गुडघे झिजलेत, एक्स-रे रिपोर्टवर 'ग्रेड ४' लिहिलंय. एका क्लिनिकमध्ये कमरेच्या हाडातून बोन मॅरो (हाडातला मगज) काढून त्याच दिवशी गुडघ्यात टोचतात. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) नव्याने भरून येईल म्हणतात. द्यावं का?

उत्तर : आमचं मत, नको. ग्रेड ४ म्हणजे सांध्यातली फट जवळजवळ बुजलेली. तिथे कूर्चा उगवून आणणारं इंजेक्शन अजून जगात कुठेच सिद्ध झालेलं नाही.

या पद्धतीत साधारण ६० मिली मॅरो ओढतात आणि सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवून काही मिली उरवतात. मॅरोतल्या दहा हजार पेशींत स्टेम सेल (इतर पेशी तयार करू शकणारी मूळ पेशी) जेमतेम एखादी. त्यात एकाच जागेवरून भसाभस ओढलं की मॅरोऐवजी रक्तच जास्त येतं, म्हणून सुईची जागा बदलत थोडं थोडं ओढावं लागतं. शेवटी गुडघ्यात किती स्टेम सेल गेल्या, हे सहसा कुणी मोजत नाही. अमेरिकेत सुमारे ४८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२३) हे मॅरोचं इंजेक्शन, पोटाच्या चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी, तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली. वर्षभराने एकही सरस ठरलं नाही.

प्रश्न : मग सरकारमान्य इंजेक्शन आहे म्हणतात, ते कोणतं?

उत्तर : स्टेमप्युसेल. २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तीही ग्रेड २ आणि ३ साठीच. म्हणजे आईंना तेही लागू नाही. निरोगी दात्यांच्या मॅरोतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. एका गुडघ्यात २ मिलीत अडीच कोटी पेशी, पाठोपाठ २ मिली हायल्युरॉनिक अ‍ॅसिड (सांध्यातल्या वंगणासारखा पदार्थ). आधीच्या चाचणीत जास्त डोसनी सूज आणि दुखणंच वाढलं होतं, तेव्हा 'आमच्याकडे दहा कोटी पेशी' या जाहिरातीला भुलू नका. वेदना कमी होतात. नवा कूर्चा येतो असं नाही. टोचल्यावर दोन-तीन दिवस ठणकणं चालतं. पण ताप आला, गुडघा लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

कुणी 'ट्रायल आहे' म्हणालं तर सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. ट्रायलमधल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लाखभर मागितले तर सरळ उठून या.

आईंसाठी : खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. तरीही रात्रीची झोप मोडत असेल, तर सांधेबदलाबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.