वाचक विचारतात : नातीसाठी लेगोचं कौलारू घर

प्रश्न : नात सात वर्षांची आहे. आमच्या कोकणातल्या घराचा लेगोचा खास संच तिच्यासाठी करायचा आहे. ओटी, जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर हवं. सुरुवात कुठून करावी, तुकडे किती लागतील? (चिपळूण)

सुरुवात मापापासून करा, आणि माप ठरवा बाहुलीवरून. लेगोची छोटी बाहुली साधारण ४ सेंटिमीटर उंच, म्हणजे चार विटांइतकी असते. नात या घराशी खेळणार ते बाहुल्या घेऊनच, म्हणून दार, ओटी आणि आतली जागा त्यांना पुरली पाहिजे. खऱ्या घराची फूटपट्टी लावून केलेली प्रतिकृती दिसते छान, पण लहान हात त्यात शिरत नाहीत.

काही मापं पाठ असू द्या. दोन शेजारच्या स्टडच्या (विटेवरच्या गोल उंचवट्यांच्या) मध्यांमधलं अंतर ८ मि.मी., विटेची उंची ९.६ आणि प्लेटची (पातळ, चपट्या तुकड्याची) ३.२ मि.मी. म्हणजे तीन प्लेटची एक वीट. ३२ × ३२ स्टडची बेसप्लेट (भाग क्रमांक ३८११, पुढेही कंसात असेच क्रमांक आहेत) सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटरची असते आणि तुमच्या घराला ती पुरेल. घर २४ × १६ स्टडचं धरा, समोर चार स्टडची ओटी. उरलेल्या बारा स्टडमध्ये अंगण आणि तुळशीवृंदावन बसतं.

भिंतीचा हिशोब असा. एक स्टड जाडीच्या भिंतीचा एक थर ७६ स्टडचा होतो. सात थरांचे ५३२. त्यातून एक दार (चौकट ६०५९६, चार स्टड रुंद, सहा विटा उंच) आणि चार खिडक्या (चौकट ६०५९४, चार रुंद, तीन उंच) वजा केल्या की ४६० स्टड उरतात. त्यासाठी १×४ च्या ८० विटा (३०१०), १×३ च्या २० (३६२२) आणि १×२ च्या ४० (३००४) घ्या. वर दहा टक्के जास्त मागवा. रंग गडद लाल ठेवून मधूनमधून तपकिरी वीट टाकली, तर जांभ्याचा चिरा बरोबर उतरतो. एकाच रंगाची भिंत प्लास्टिकचीच दिसते.

गवंडी जो नियम पाळतो तोच इथे : सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. कोपऱ्यात एका थराला लांब भिंतीची वीट टोकापर्यंत न्या, पुढच्या थराला आडव्या भिंतीची. सातव्या थरावर १×८ प्लेटचा (३४६०) सलग पट्टा फिरवा. तो नसेल तर पोर छप्पर उघडताना लांब भिंत बाहेर झुकते आणि खिडकीच्या वरून सुटते. १×८ ची प्लेट खिडकीच्या दोन्ही कडांपलीकडे जाईल अशी बसवा.

आता छप्पर, कारण बहुतेक घरं तिथेच फसतात. उतरत्या विटांचे (३०३७ वगैरे) थर एकावर एक रचले, तर प्रत्येक थर खालच्या थराच्या एकाच रांगेला धरलेला असतो आणि उरलेला अर्धा आत लोंबतो. आतून आधार दिला नाही तर आढं बसायच्या आधीच मधला भाग खाली येतो. आधार दिला तर घराची आतली जागा भरून जाते. शिवाय या मापाला शंभरावर उतरत्या विटा लागतात आणि त्या महागही असतात.

त्यापेक्षा पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, प्लेटची करा आणि बिजागऱ्यांवर बसवा. इथे लेगोच्या मापांचा एक सुंदर योग कामी येतो. घराच्या पुढून मागे मापाचा अर्धा भाग आठ स्टड, म्हणजे ६४ मि.मी. पाच विटांची उंची ४८ मि.मी. या दोन बाजूंचा कर्ण बरोबर ८० मि.मी., म्हणजे दहा स्टड. वळचणीसाठी आणखी दोन स्टड धरून पाखं बारा स्टड खोल करा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन स्टड बाहेर काढून २८ स्टड लांब. उतार सुमारे ३७ अंशांचा येतो, कौलारू घराला शोभेल असा.

एका पाख्याला ६×१४ च्या चार प्लेट (३४५६) खाली आणि २×४ च्या ४२ प्लेट (३०२०) वर. दोन पाख्यांचे मिळून ८ आणि ८४. खालच्या थराचा रंग कुठलाही, स्वस्त मिळेल तो चालतो, कौलाचा रंग फक्त वरच्या थराला लागतो. वरच्या प्लेट खालच्या सांध्यांवर आडव्या आल्याच पाहिजेत, नाहीतर पाखं मधोमध दुमडतं. भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर प्रत्येक पाख्याला बिजागरीच्या चार जोड्या (३९३७ आणि ६१३४) द्या. दोन जोड्यांवर एवढं वजन पेलत नाही, बिजागरी सैल पडते. बाजूची त्रिकोणी भिंत पायऱ्यांसारखी चढवून चौथ्या थराला थांबवा. प्लेटच्या जाडीला जागा हवी, पूर्ण पाच थर चढवले की पाखं मिटत नाही. पाखी पेटीच्या झाकणासारखी उघडली की नातीला वरून थेट माजघरात खेळता येतं.

ओटीचे खांब, पायऱ्या, वृंदावन आणि घरातलं सामान धरून एकूण आकडा साडेतीनशेच्या आसपास जाईल. सगळं मागवण्याआधी घरातल्या जुन्या ठोकळ्यांतून, रंगाकडे न पाहता, एक कोपरा आणि निम्मं पाखं करून पाहा.

प्रश्न : स्टुडिओ या संगणक-प्रणालीत लेगोची रचना केली, ती पक्की दिसते. पण तुकड्यांची यादी केली तर काही मिळतच नाहीत, काहींची किंमत अवाच्या सवा. (नाशिक)

ब्रिकलिंकच्या (लेगोच्या तुकड्यांचा ऑनलाइन बाजार) स्टुडिओमध्ये तुम्ही कुठल्याही तुकड्याला कुठलाही रंग देऊ शकता. प्रत्यक्षात तो तुकडा त्या रंगात कधी निघालाच नसेल, किंवा एखाद्याच संचात आला असेल. न निघालेले रंग लपवण्याची सोय त्यात आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मग यादी किमतीप्रमाणे लावा. खर्चाचा मोठा भाग मूठभर तुकड्यांवर जातो. ते आत दडलेले असतील तर रंग बदला, दिसणारे असतील तर मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या : १×८ ऐवजी १×४ च्या दोन.

तुकड्यांचे प्रकार कमी ठेवले की फायदा दुहेरी. एकाच विक्रेत्याकडे बहुतेक यादी मिळते, म्हणून टपालखर्च एकदाच बसतो, आणि मुलांना जोडताना शोधाशोध कमी होते. वापरलेले तुकडे घेत असाल तर जुन्या तपकिरी आणि गडद लाल तुकड्यांपासून जपा. या रंगांचे काही जुने तुकडे ठिसूळ निघतात आणि जोडताना तडकतात. हे रंग नवेच घ्या. बाकीचे जुने तुकडे ४० अंशांहून कमी गरम पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

प्रश्न : जोडणीची पुस्तिका स्वतः करायची आहे. एका पायरीत किती तुकडे दाखवावेत? (पुणे)

सात-आठ वर्षांच्या मुलाला चार ते सहा. भिंतीचा सरळ थर असेल तर दहाही चालतात, कारण नजर एका ओळीत फिरते. पण बिजागरी किंवा बाजूला स्टड असलेली वीट येते तिथे एकच तुकडा, मोठा आणि जवळून दाखवा. चित्राचा कोन शक्यतो बदलू नका. बदलावाच लागला तर त्या पायरीत नवा तुकडा देऊ नका, फक्त फिरवल्याची खूण द्या.

स्टुडिओ पायऱ्या आपोआप पाडून देते, त्यांवर विसंबू नका. छपराखाली हात पोचत नाही अशा जागी ती बिनदिक्कत तुकडा बसवायला सांगते. स्वतः पुस्तिका समोर ठेवून एकदा पूर्ण जोडा, पान न चुकवता. छापण्याआधी एक पान रंगीत काढून पाहा. गडद लाल आणि तपकिरी कागदावर एकसारखे दिसतात. तसं झालं तर चित्रातला तपकिरी मुद्दाम फिका करा. तुकडे तीन-चार पिशव्यांत घालून क्रमांक द्या : जोतं आणि ओटी, भिंती, छप्पर, सामान. प्रत्येक पिशवी संपताना खेळता येईल असं काहीतरी हाती आलं पाहिजे. नुसत्या भिंती रचून मूल कंटाळतं, म्हणून बाहुल्या पहिल्याच पिशवीत घाला.

प्रश्न : दारावर घराच्या नावाची पाटी बसवायची आहे, पण स्टड तर वर असतात. (डोंबिवली)

बाजूला स्टड असलेली १×१ वीट (८७०८७) भिंतीत दोन ठिकाणी घाला, त्यावर टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) उभी बसते. लक्षात ठेवायचं प्रमाण एकच : पाच प्लेटची उंची म्हणजे दोन स्टडची रुंदी, दोन्ही १६ मि.मी.

प्रश्न : वृंदावन त्रिमितीय छपाईने केलं. एकदा बसलं की निघत नाही, दुसरं केलं तर सैल. (ठाणे)

स्टडचा व्यास ४.८ मि.मी. ठेवा आणि विटेच्या प्रत्येक बाजूने ०.१ मि.मी. सोडा. २×४ ची वीट म्हणूनच ३२ × १६ नसून ३१.८ × १५.८ मि.मी. असते. लेगोचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून सूक्ष्म अचूकतेचे असतात, घरचं यंत्र तेवढं नेमकं काम करत नाही. पहिला थर तबकावर दाबून पसरतो, त्यामुळे खालचा खाचा अरुंद होतो आणि तुकडा अडकतो. खालच्या कडेला ०.२ ते ०.३ मि.मी. उतार द्या. आधी २×२ चा नमुना छापून स्टड आणि खाच्याचं माप ०.०५ च्या टप्प्याने बदलत जा. वृंदावन बेसप्लेटवर चार स्टडांनाच धरू द्या, अख्ख्या तळाने नको, म्हणजे सहज निघेल.

प्रश्न : धाकटा भाऊ अडीच वर्षांचा आहे. त्यालाही हेच द्यावं का? (सातारा)

नाही. ३१.७ मि.मी. व्यासाच्या चाचणी-नळीत जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकण्याच्या धोक्याचं मानतात, आणि या घरातले बरेच तुकडे तिच्यात मावतात. त्याला ड्युप्लो, म्हणजे लेगोचेच लहानग्यांसाठीचे मोठे ठोकळे, द्या. त्याची मापं बरोबर दुप्पट असतात, आणि लेगोची २×४ वीट ड्युप्लोच्या स्टडवर बसते, म्हणून तो मोठा झाल्यावर ते ठोकळे ताईच्या घराखाली जोत्यासाठी वापरता येतील. तोपर्यंत दोघांचे डबे वेगळे, आणि तिचा डबा वरच्या फळीवर. दुसऱ्या कंपनीचे ठोकळे घेत असाल तर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.