इंग्लंडमधली जन्मठेप अपिलात रद्द होते का?

तुमचा प्रश्न असा: मित्राच्या भावाला तिथे खुनाबद्दल जन्मठेप झाली, किमान 26 वर्षं. अपील केलं तर जन्मठेप जाऊन ठरावीक वर्षांची कैद होईल का?

नाही. खुनाचा ठपका राहिला की जन्मठेप राहणारच. न्यायाधीशाच्या हातात दुसरी शिक्षाच नसते. भांडता येतं ते ज्यूरीच्या निकालाशी, नाहीतर त्या 26 च्या आकड्याशी. (खुनाच्या प्रयत्नाबद्दल जन्मठेप असती, तर जन्मठेपेविरुद्धही भांडता आलं असतं.)

मी बर्मिंगहॅममध्ये एका सॉलिसिटरकडे कारकुनी करतो. घरचे लोक चुकतात ते तारखेत. मुदत 28 दिवसांची, पण निकालाची वेगळी आणि शिक्षेची वेगळी. समजा, ज्यूरीने 3 मार्चला दोषी ठरवलं आणि शिक्षा 11 एप्रिलला सुनावली. शिक्षा ऐकून धावपळ सुरू करेपर्यंत निकालाविरुद्धची मुदत संपलेलीसुद्धा असते! उशिराचं कारण पटलं तर वाढवून मिळते, पण त्या भरवशावर बसू नका.

आकड्याचं गणित बघा. घटनास्थळी सुरा सोबत नेला असेल तर किमान वर्षांची मोजणी साधारण 25 पासून सुरू होते. तिथल्याच ओट्यावरचा उचलला असेल तर बहुधा 15 पासून. म्हणून न्यायाधीशाने शिक्षा देताना सुऱ्याबद्दल नेमकं काय म्हटलं, ते लेखी मिळवा.

‘तो असं करूच शकत नाही’ हा अपिलाचा मुद्दा होत नाही. एका आईने मला हाताने लिहिलेली अकरा पानं दिली होती, सगळी मुलाच्या स्वभावाबद्दल. कामाची ओळ नवव्या पानावर सापडली: एका शेजाऱ्याने भांडण पाहिलं होतं आणि त्याचा जबाब कोणी घेतलाच नव्हता.

अपिलाला आधी परवानगी लागते. एक न्यायाधीश कागद वाचून ठरवतो. त्याने नाही म्हटलं तर पूर्ण पीठापुढे जाता येतं, पण अर्ज अगदीच पोकळ वाटला तर तुरुंगातले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा हुकूम होऊ शकतो. आपल्याच अपिलावर शिक्षा वाढत नाही. मात्र ती फारच कमी वाटली तर अ‍ॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा सल्लागार) 28 दिवसांत स्वतः कोर्टात नेऊ शकतात.

खटला सरकारी मदतीवर लढवला असेल तर अपिलाबद्दल बॅरिस्टरचा सल्ला त्यातच धरलेला असतो. तो लेखी मागा. आणि निकालाची तारीख इथे कळवा, शिक्षेची नव्हे.