आधी उन्हाचा हिशेब

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझी वही वाचली. रुळाच्या एका टोकाला हातोडा मारायचा, त्याच क्षणी टॉर्च लावायची आणि दुसऱ्या टोकाला काय आधी पोहोचतं त्यावरून सापेक्षता तपासायची, म्हणजे स्थिर वेगाने सरळ जाताना बंद खोलीत तो वेग ओळखता येत नाही हे आइनस्टाइनचं म्हणणं. ही शर्यत सोड. पोलादाच्या सळईत ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो, प्रकाश जवळपास ३ लाख. निकाल ठरलेलाच आहे. त्यातून आइनस्टाइन बरोबर की चूक, हे कळत नाही.

पण तुझ्या कल्पनेत एक खरा प्रश्न दडलाय. दोन आरशांमध्ये ये-जा करणारा प्रकाश हे एक घड्याळ. स्फटिकात ये-जा करणारा कंप हे दुसरं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते आहे. या वेगाने एकच घड्याळ मंदावलं आणि दुसरं नाही, तर बंद खोलीत बसूनही आपला वेग ओळखता येईल आणि सापेक्षता तिथेच कोसळेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्वार्ट्झ या स्फटिकाचे दोन आंदोलक, म्हणजे ठरावीक लयीत थरथरणारे तुकडे, फिरत्या चौथऱ्यावर ठेवून ताडून पाहिले. दिशेनुसार फरक सापडला नाही. मायकेलसन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांनी १८८७ साली प्रकाशाचा वेग दिशेनुसार बदलतो का हे पाहिलं, तेच इथे घन पदार्थातल्या कंपासाठी.

आता आकडा मांड. प्रकाशाच्या आणि स्फटिकाच्या घड्याळांत फरक असलाच तर अब्जात पाचाच्या आसपास, म्हणजे दिवसाला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. तुझ्या मनगटावरच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो साधारण २५ अंशांसाठी बेतलेला असतो. मे महिन्यात जळगावच्या ४५ अंशांत सलग चोवीस तास राहिला, तर एक सेकंदाहून अधिक मागे पडतो. जे शोधायचं त्याच्या दोन हजार पटींहून मोठा हा उन्हाचा खेळ! विद्यार्थी असताना दोन घड्याळांतला असाच फरक पाहून मी रात्रभर जागलो होतो. सकाळी लक्षात आलं, एक घड्याळ पत्र्याच्या खोलीत होतं.

म्हणून एक घड्याळ माठाशेजारी ठेव, एक पत्र्याखाली. महिनाभर रोज दोन्ही मोबाइलच्या वेळेशी ताडून बघ. मग भुसावळला ये. तिथे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून रूळ तपासणारी अल्ट्रासॉनिक ट्रॉली लांबूनच दाखवीन. जाड पोलादात तिचा स्पंद सळईतल्यापेक्षा थोडा वेगाने, सेकंदाला सुमारे ५.९ किलोमीटर जातो; १७२ मिलिमीटर उंचीच्या रुळात तळाशी जाऊन परतायला त्याला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. प्रकाशाला तेवढ्याच अंतराला एक नॅनोसेकंद आणि वर थोडं. हे गणित येण्याआधी स्वतः करून ठेव.

वहीत तापमानाचा रकाना आधी आख.

तुझे सर