इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचा नेमका अर्थ कसा ओळखायचा आणि त्याऐवजी कोणता शब्द वापरायचा?

'गेट'च्या लगेच पुढे काय आलंय ते बघा, अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

- पुढे नाम: मिळणं किंवा मिळवणं. आपसूक मिळालं तर 'रिसीव्ह', खटपट करून मिळवलं तर 'ऑब्टेन'. 'गेट मी सम वॉटर'मध्ये मात्र आणून देणं.
- पुढे विशेषण: होणं, म्हणजे 'बिकम' ('गेट टायर्ड').
- पुढे 'टु' आणि ठिकाण: पोहोचणं, म्हणजे 'रीच'. इथे हमखास चूक होते. 'गेट टु पुणे' बरोबर, पण 'रीच टु पुणे' नाही. 'रीच'ला 'टु'सारखं शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'होम'च्या आधी तर 'गेट'लाही 'टु' नको.
- पुढे वस्तू आणि क्रियापदाचं तिसरं रूप: दुसऱ्याकडून करवून घेणं ('गेट द कार वॉश्ड').

'रिसीव्ह', 'ऑब्टेन' हे शब्द अर्जात, अहवालात शोभतात. गप्पांत 'आय ऑब्टेन्ड अ जॉब' म्हणणं उगाच भारदस्त वाटतं. 'गेट अप', 'गेट ओव्हर' अशा जोडक्रियापदांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही, ती वेगळीच शिकावी लागतात.