मगर दिसलीच नाही, मग फॉर्मवर लिहायचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, बँकेतून रिटायर झालोय. जानेवारीत इथल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी मोजायला व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं, काला घोडाजवळच्या पुलाचा पट्टा मिळाला. सकाळी ७ ते ९ उभा होतो पण एक मगर दिसेल तर शपथ! शून्य लिहून आलो तर सूनबाई हसतेय, म्हणते बाबा एवढ्या थंडीत शून्यासाठी गेलात? त्या शून्याचा काही उपयोग असतो का? आणि ॲपवर मगरीचा फोटो टाकला तर तिचा पत्ता सगळ्यांना कळतो का?

उत्तर: काका, शून्य लिहिलंत ते फार बरं केलंत. बरेच जण काही दिसलं नाही की फॉर्मच देत नाहीत, मग नंतर आकडे लावणाऱ्याला कसं कळणार की तिथे मगर नव्हती की मोजणारा माणूसच गेला नव्हता? फक्त शून्याशेजारी वेळ, धुकं, ऊन सगळं लिहायचं, कारण तुमच्या शून्याचं अर्धं कारण घड्याळात आहे. मगर थंड रक्ताची, जानेवारीत पहाटे बाहेरच्या हवेपेक्षा पाणीच उबदार, त्यामुळे ती पाण्यातच पडून राहते, वर फक्त नाकाचा एक उंचवटा आणि मागे डोळ्यांचे दोन. ऊन चढलं, १०-११ वाजले की काठावर येऊन पसरते. तेव्हा जाऊन बघा, तोच पूल वेगळा दिसेल.

लांबी विचारली तर अंदाजपंचे सांगू नका, डोकं नीट दिसलं तर त्याच्या साधारण सातपट धरतात. नुसते डोळेच दिसले तर 'फक्त डोळे' असं लिहायचं, सर्व्हेत त्याचा वेगळा रकाना असतो, आणि रात्री टॉर्च मारून मोजतात तेव्हा तर लालसर चमकणारे डोळेच मोजायचे असतात. मी पहिल्या वर्षी एक टायर मगर म्हणून लिहिला होता, तोही दोनदा :) तेव्हापासून ५ मिनिटं थांबते, टायर प्रवाहाबरोबर वाहत जातो, मगर जात नाही.

आता फोटोचं. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-झाडांच्या फोटोंची नोंद करायच्या ॲपवर, मगरीसारख्या धोक्यातल्या प्राण्याचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, बाकीच्यांना साधारण २० किलोमीटरच्या चौकोनातला कुठलातरी ठिपका दिसतो. पण आपणच खाली 'पुलाच्या डाव्या बाजूला, देवळामागे' असं टाइप केलं तर झाकून काय उपयोग! आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काहीच झाकलं जात नाही. फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठाच्या मातीत अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात, तेवढे महिने घरट्याचा फोटो कुणालाच पाठवू नका, सूनबाईंनासुद्धा नाही.