वाचकांचे प्रश्न : सिग्नलला दुचाकी का दिसत नाही?

प्रश्न : रात्रपाळीहून परतताना आतल्या रस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागतो. तिथला सिग्नल एकट्या बाइकसाठी सुटतच नाही, पण मागे रिक्षा येऊन थांबली की सुटतो. बाइकचं वजन कमी पडतं का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : वजनाचा काही संबंध नाही. ठाणे-नवी मुंबईतले पुष्कळ सिग्नल ठरलेल्या वेळेवर चालतात. तिथे तुम्ही असा-नसा, आपली पाळी येतेच. पण रिक्षा आल्यावरच सुटतो म्हणजे तुमच्याकडे गाडी ओळखणारी यंत्रणा असणार. दिवसाउजेडी थांबरेषेच्या मागे डांबरात करवतीने कापून काळ्या मसाल्याने बुजवलेली चौकोनी किंवा गोल रेघ आहे का बघा. असली तर तिच्याखाली तारेचे तीन-चार वेढे आहेत. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो. वर धातू आला की धातूत भोवरे-प्रवाह (गोल फिरणारे छोटे वीजप्रवाह) उठतात, तारेच्या या वेटोळ्याचं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) किंचित घटतं आणि कंट्रोलर, म्हणजे सिग्नल चालवणारी पेटी, गाडी आल्याची नोंद घेतो. रिक्षाचा पत्रा आडवा पसरलेला असतो, म्हणून ती सहज पकडली जाते.

चौकोनाच्या मधोमध उभं राहणं ही नेहमीची चूक. तिथे चुंबकीय क्षेत्र सरळ वर जातं आणि उभं चाक त्याला अडवत नाही. तारेच्या लगेच वर मात्र क्षेत्र आडवं असतं, ते रिममधून आरपार जातं. म्हणून तुमच्या जाण्याच्या दिशेला समांतर असलेल्या डाव्या किंवा उजव्या रेघेवर दोन्ही चाकं ठेवा. चौकोनाच्या आत मधोमध तिसरी रेघ असेल तर तीच सर्वांत चांगली, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या तारांतला प्रवाह एकाच दिशेने जातो. अ‍ॅल्युमिनियमची रिमही चालते, इंजिन बंद असलं तरी चालतं. स्कूटरची 10-12 इंची चाकं मात्र कमी क्षेत्र पकडतात. तिला अगदी रेघेवरच उभी करा.

आणि झेब्रावर जाऊन थांबू नका. फटीतून सरकत पुढे जायची आपल्याला इतकी सवय आहे की रिकाम्या रस्त्यावरही आपण वेटोळं ओलांडून पुढे थांबतो, आणि मग सिग्नलच्या लेखी तिथे कुणीच नसतं.

पावसाळ्याआधी रस्ता खरवडून नवं डांबर टाकलं की तारही तुटू शकते. तसं झालं असेल तर कुठेही उभं राहून उपयोग नाही. तार नव्याने टाकावी लागते.

प्रश्न : सिग्नलला बाइक कळावी म्हणून तिच्या बुडाला लावायचं चुंबक ऑनलाइन मिळतं. घ्यावं का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. वेटोळं चुंबक शोधत नाही, वीज वाहू देणारा धातू शोधतं. बोटभर चुंबकापेक्षा तुमच्या चाकाची रिम कितीतरी मोठी आहे.

प्रश्न : घोडबंदर रोडकडच्या आमच्या सिग्नलला खांबावर कॅमेरा आहे. तिथे काय करायचं? आणि पाच मिनिटं लाल राहिला तर निघालं तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तो कॅमेरा कशाचा आहे ते पाहा, चलानासाठीचा असेल तर त्याने सिग्नल सुटणार नाही. गाड्या ओळखणारा असेल तर त्याच्या चित्रात रस्त्याचे ठरावीक पट्टे आखलेले असतात. थांबरेषेच्या आत, लेनच्या मध्ये थांबा. रात्री इंजिन चालू ठेवा: एप्रिल 2017 पासूनच्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर लागतो, आणि ते बंद केलं की अंधारात कॅमेऱ्याला तुम्ही दिसेनासे होता. ओल्या रस्त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पसरतं, तेव्हा तो चुकूही शकतो.

निघायची मुभा कायद्यात नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमात लाल सिग्नल तोडणं धोकादायक चालवण्यात धरलं जातं. चौकातल्या बाकी दिशा दोनदा सुटल्या आणि तुमची एकदाही नाही, तर तो बिघाड समजा. डावीकडे वळायला मोकळी लेन असेल तर तिकडून वळून पुढच्या चौकातून परत या. दुसऱ्या दिवशी वाहतूक पोलिसांना लेखी कळवा : कुठला चौक, कुठल्या दिशेचा खांब, किती वाजता, किती फेऱ्या चुकल्या, आणि रिक्षा किंवा कार आल्यावर सुटला का. शेवटची नोंद हमखास लिहा. कारसाठी सुटतो आणि बाइकसाठी नाही, हे कळलं की तंत्रज्ञ आधी संवेदनशीलता वाढवून पाहील, रस्ता खोदणार नाही.